अडीच गुंठ्यांची राखण

संपादकांनी यंदाचा विषय एकाच शब्दात कळवला: राखण. डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो शाळूच्या रानातला माळा, गोफण आणि हाळ्या देणारा पोरगा. पण ती राखण पीक उभं असतानाची. दोन दिवसांनी तलवाड्याहून आक्काचा फोन आला. आक्का माझी मावसबहीण. पुण्यात घरचं लग्न होतं, वैशाखातलं, आणि ती येणार नव्हती.

"माळवं हाय, पेट्या हायत. ह्या दिवसांत रान सोडून कसं येऊ?"

माळवं म्हणजे भाजीपाला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं. पेट्या म्हणजे मधमाश्यांच्या. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बीड जिल्ह्यातलं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना माझ्यासारखाच प्रश्न पडेल, की तिथे राखायला उरलेलं असतं काय? कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, नांगरटीची ढेकळं तापून पांढरी पडलेली, बांधावरच्या बोरीला पान नाही. लग्नात अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी गेवराईची गाडी धरली.

तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं गाव, टेकडीवरच्या त्वरिता देवीमुळे सर्वदूर माहीत असलेलं. तालुक्याच्या उत्तर अंगानं गोदावरी जाते. तिच्या काठच्या राक्षसभुवनला १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं. इतिहासाच्या पुस्तकात तालुका येतो तो एवढ्यापुरता. भूगोलात तो जायकवाडीच्या उजव्या कालव्यामुळे येतो. पैठणहून निघून माजलगावकडे जाणारा हा कालवा वाहता असला की आजूबाजूच्या विहिरींनाही पाझर लागतो, आणि आवर्तन लांबलं की विहिरीतली मोटार तासाभरात हवा ओढायला लागते. आक्काची विहीर या दुसऱ्या अवस्थेत होती. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास, एवढंच पाणी.

तेवढ्या पाण्यावर विहिरीच्या कडेचे अडीच गुंठे हिरवे होते.

या आकड्याची एक गंमत सांगून पुढे जातो. इंग्लंडात नगरपालिका लोकांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देतात. त्या तुकड्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे तीनशे अडीच चौरस वार. आपला गुंठा एकशे एकवीस चौरस वारांचा. भागाकार करून बघा, बरोबर अडीच गुंठे येतात. गुंठ्याचं मापही इंग्रजांच्याच साखळीतून आलेलं, त्यामुळे हिशेब जुळला यात नवल नाही. एका कुटुंबाच्या भाजीला किती जमीन लागते याचा दोन्हीकडचा अंदाज मात्र सारखा निघाला, याचं मला नवल वाटलं. तिथला हौशी माणूस ऑगस्टअखेर टोमॅटो तोडत, पेटीतून मध काढत उन्हाळ्याचा शेवट साजरा करतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटाला काढण्यासारखं काही नसतं. मृगापर्यंत जे आहे ते तगवायचं असतं.

फुलांचं घड्याळ

"पाचला ऊठ, न्हाय तर फुलं मिटत्याल," असं आक्कानं रात्रीच बजावलं होतं. डांगराची फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढायच्या आत मिटून जातात. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलत नाही. म्हणजे मादीफुलाला आयुष्यात एकच सकाळ, आणि तेवढ्यात नरफुलातला पराग कुणीतरी आणून द्यायला हवा.

साडेपाचला उजाडत होतं. वेल बांधाकडेनं पसरले होते, खाली उसाचं पाचट अंथरलेलं. पिवळी धमक फुलं मोजली तर एकवीस भरली. त्यांतली मादीफुलं तीन. फुलाच्या बुडाशी बारकं डांगर असलं की ती मादी, नुसता दांडा असला की नर. मला वाटलं वेलात काही दोष असेल. दोष नाही. दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की वेल नरफुलं जास्त काढतो. फळ पोसायची ऐपत नाही हे वेलाला कळतं, असं आक्काचं म्हणणं. वनस्पतिशास्त्राची भाषा वेगळी असली तरी अर्थ फारसा वेगळा नाही.

पावणेसहाला पहिली माशी आली. मग दहा मिनिटांत सगळा वेल गुणगुणायला लागला. मी तिन्ही मादीफुलांपाशी उकिडवा बसून राहिलो. एका फुलावर सात वेळा माशी उतरली, दुसऱ्यावर पाच वेळा. तिसरं पानाखाली दडलेलं होतं, तिथं एकदाच कुणी डोकावलं. आक्कानं त्या फुलाकडे बोट दाखवून मान हलवली, ते गळणार. काकडीचंही तसंच. माश्यांच्या खेपा कमी पडल्या की काकडी एका टोकाला बारीक राहते नाही तर कोयत्यासारखी वाकते. आठवडी बाजारात गिऱ्हाईक जी वाकडी काकडी बाजूला सारतं, तिच्या फुलावर त्या सकाळी माश्या कमी आलेल्या असतात.

दोडक्याचा आणि दुधीचा वार उलटा. त्यांची फुलं दिवस मावळतीला उमलतात. दुधीचं पांढरं फूल रात्रभर उघडं राहतं, त्यावर पतंग येतात; माश्यांना दोडक्यावर संध्याकाळची उरलीसुरली पाळी मिळते. अडीच गुंठ्यांत भाजी कोणती कुठे लावायची हे आक्का पाण्याकडे बघून ठरवते, पण मांडवाखाली दोडका आणि बांधाला डांगर ठेवल्यानं माश्यांना सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा काम राहतं, हे तिच्या लक्षात आलेलं होतं.

वांग्यावर मात्र पेटीतली माशी काही कामाची नाही. मला हे ठाऊक नव्हतं. वांग्याच्या फुलात पराग असतो तो बंद नळीत, आणि नळीच्या टोकाला बारीक भोक. मिठाच्या डबीसारखं ते हलवावं लागतं. मधमाशीला ती कंपनं जमत नाहीत. जमतात ती भुंग्याला. काळाकुट्ट, जाडजूड भुंगा फुलाला लोंबकळतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि परागाची पूड त्याच्या पोटावर सांडते. हा भुंगा राहतो वाळक्या बांबूत. मांडवाच्या जुन्या बांबूंना करंगळी जाईल अशी गोल भोकं होती. उन्हाळ्याच्या शेवटी लोक मांडव मोडतात आणि कुजके बांबू चुलीत घालतात. दाजींनीही दोन वर्षं तेच केलं. आता भोकं पडलेले बांबू गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, आणि चुलीजवळ नेले तर आक्का ओरडते.

पेटीला घाम फुटतो

पेट्या दोनच, करंजाच्या सावलीत, तोंड पूर्वेला. माशी सातेरी. आपल्याकडे पोळं करणाऱ्या माश्या ठळकपणे चार: झाडाला आणि कड्याला लटकणारी आग्या, झुडपात एकच लहान पोळं बांधणारी फुलोरी, ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी आणि नांगी नसलेली बारकी कोती. पेटीत राहते ती सातेरी; आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा, जी मोठे व्यावसायिक ठेवतात. मेलिफेरा मध जास्त देते. सातेरी कमी देते आणि रुसते. खायला कमी पडलं, ऊन लागलं, मुंग्यांनी छळलं, की सगळी वसाहत राणीसकट पेटी सोडून निघून जाते. आक्काच्या पेट्या तीन होत्या. तिसरी मागच्या वर्षी मेमध्येच रिकामी झाली. सकाळी बघते तर आत नुसती काळी पोळी आणि मेणकिड्याची जाळी.

पोळ्यातल्या पिलाव्याला, म्हणजे वाढत्या अंडी-अळ्यांना, चौतीस-पस्तीस अंश तापमान लागतं, हिवाळा असो की उन्हाळा. बाहेर बेचाळीस असेल तर आतला पारा सात-आठ अंशांनी खाली आणायचा कसा? दुपारी दोन वाजता पेटीच्या तोंडाशी कान लावला तेव्हा ते ऐकू आलं. दाराशी माश्यांची रांग, सगळ्यांची डोकी एका दिशेला, पाय रोवलेले आणि पंख चाललेले. आत दुसऱ्या माश्या पाण्याचे थेंब पोळ्यावर पसरत होत्या. वारा आणि ओल. आपला वाळ्याचा पडदा याच तत्त्वावर चालतो. पण मध साठवतात तसं पाणी त्या साठवत नाहीत. लागेल तसं आणायचं. म्हणून मे महिन्यात वसाहतीतल्या कितीतरी माश्या फुलं सोडून पाणक्याचं काम करतात. पाणी लांब असेल तर त्यांचं आयुष्य त्यातच सरतं.

जवळ पाणी ठेवणं हे उन्हाळ्यातलं पहिलं काम. आक्कानं पत्र्याची परात ठेवली होती, तिच्यात दगडगोटे आणि गोणपाटाचा तुकडा. नुसतं भरलेलं भांडं ठेवलं की माश्या बुडून मरतात. गुरांच्या हौदात रोज सकाळी तरंगताना दिसतात. दुसरं काम पेटीवर भिजवलेलं पोतं टाकणं, अकराला एकदा आणि दोनला एकदा. तिसरं, पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंगळे चढू नयेत म्हणून. चौथं, साखरेचा पाक. साखर आणि पाणी निम्मं निम्मं, आणि तो द्यायचा दिवस मावळल्यावर. दिवसा दिला तर वासानं शेजारच्या पेटीतल्या माश्या येतात आणि लूट सुरू होते. दुबळी वसाहत एका दुपारीत संपते.

"मध काढत न्हाईस?" असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं दुभत्या नसलेल्या म्हशीखाली कुणी चरवी घेऊन बसावं. फाल्गुनापर्यंत जे मिळायचं ते मिळालेलं असतं. कडुनिंब आणि करंज फुलतात तेव्हा जे आत येतं ते माश्यांचं. त्यानंतर मृगापर्यंत उलट आपण घालायचं.

संध्याकाळी आक्का पेटी उघडते. धुरासाठी शेणकुटाचा तुकडा. चौकटी एकेक करून उजेडाला धरायच्या. पिलावा आहे का, राणी अंडी घालतेय का. माश्यांनी न झाकलेली चौकट काढून घ्यायची. माश्या कमी आणि पोळी जास्त झाली की तिथं मेणकिडा अंडी घालतो. मोठ्या घरात दोनच माणसं उरली की मागच्या खोल्यांना वाळवी लागते, तसं. काढलेली काळी पोळी वितळवून त्यांचं मेण करते.

पाखरांचा उपद्रव वेगळाच. तारेवर वेडे राघू बसलेले होते, नाव वेडे पण नेम पक्का. कोतवालही होता. माशी उडाली की झडप, आणि तारेवर आपटून नांगी काढून गिळणार. गोफण मारायची का, असं मी विचारलं. आक्का म्हणाली, त्यांनी किती खाव्या? किड्या-नाकतोड्यांनाही तेच खातात.

कोयता आणि पेटी

आक्का आणि दाजी बारा वर्षं ऊसतोडीला जात होते. बीडमध्ये हे सांगायला वेगळं वाक्य लागू नये, इतकी ती सर्रास गोष्ट. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला गाडी भरायची, नवरा-बायको मिळून एक कोयता. फेब्रुवारी, मार्च, कधी एप्रिल, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परत. या वेळापत्रकात हिवाळी माळवं बसतच नाही. घरी असायचे ते नेमके उन्हाळ्यात, विहीर आटायच्या वक्ताला. अडीच गुंठ्यांची सुरुवात तशी झाली, एप्रिलमध्ये आल्यावर घरी खायला भाजी नसायची म्हणून. आखितीला आळी करायची, शेणखत घालायचं, दोन-दोन बिया टोचायच्या.

उचल फिटल्यावर त्यांनी जाणं थांबवलं. पेट्या नंतर आल्या. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, १९४६ पासूनचं. तिथून मधपेट्यांना निम्मं अनुदान मिळतं आणि शिकवलंही जातं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं जंगल आहे, जांभूळ-हिरड्याचा फुलोरा आहे, गावात बहुतेक घरी पेट्या आहेत. ते बघून गेवराईत पेटी ठेवणारा माणूस निराशच व्हायचा. इथं माशीला आधार काय? बांधावरची बाभूळ, बोर, हिवर, करंज, निंब. आणि नको नको म्हणत सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ. तिला शिव्या न दिलेला शेतकरी मला भेटलेला नाही, पण उपासाच्या दिवसांत पेट्या तगतात त्यात तिच्या पिवळ्या तुऱ्यांचा वाटा असतो. पावसाळ्यात बाजरी-मक्याचा पराग, दिवाळीच्या आगेमागे तूर. तुरीचा बहर हीच इथल्या माशीची दिवाळी.

मेलिफेराचे मोठे पेटीवाले एका जागी राहत नाहीत. हिवाळ्यात राजस्थानात मोहरीवर, मग बुलढाणा-जालन्याकडे कांद्याच्या बीजोत्पादनावर. कांद्याच्या गोंड्यांवर माशी फिरली नाही तर बी भरत नाही, म्हणून तिथले शेतकरी पेटीमागे भाडं मोजतात. हलवाहलव रात्रीची, सगळ्या माश्या घरी आल्या की दाराला जाळी लावून. आणि एक नियम जगभर सारखा: पेटी हलवायची तर हातभर, नाही तर पाच-सात किलोमीटर. मधल्या अंतरावर नेली तर माश्या जुन्या जागी परततात आणि रिकाम्या जमिनीवर घोटाळत मरतात. हे ऐकल्यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी बी रातचंच निघायचो."

मी तलवाड्याला असतानाच २० मे उजाडला, जागतिक मधमाशी दिन. अठराव्या शतकातल्या आन्तोन यान्शा या स्लोव्हेनियन मधपाळाचा हा जन्मदिवस. व्हिएन्नाच्या दरबारानं त्याला मधमाशीपालन शिकवायला नेमलं होतं. हे मी आक्काला सांगितलं. तिनं विचारलं, त्याच्याकडं उन्हाळा किती?

बी धरायचं तर माशी नको

आता एक अडचणीची गोष्ट. आक्का बी घरचं ठेवते. दुधी, दोडका, काकडी, डांगर, गवार, चवळी. भरल्या वेलावरचं दुसरं-तिसरं फळ चिंधी बांधून सोडून द्यायचं. मे संपेपर्यंत दुधी वाळून लाकडासारखा होतो, हलवला की आत बिया खुळखुळतात. दोडका वाळला की त्याच्या टोकाची टोपी आपोआप निघते आणि उपडा धरला की बिया ओंजळीत पडतात. राखेत घोळून, गाडग्यात भरून, तोंड लिंपून ठेवायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्याच्या जतनासाठी पद्मश्री मिळाल्यापासून या कामाला प्रतिष्ठा आली. आक्काच्या घरात ते सासूपासून चालत आलेलं.

पण पलीकडच्या मळ्यात संकरित दुधी आहे, आणि माशीला काय, पतंगाला काय, बांध कळत नाही. तिकडचा पराग इकडच्या फुलावर आला तर यंदाच्या फळात फरक दिसत नाही. चव तीच, रूप तेच. भेसळ असते ती बियांत, आणि उघडी पडते ती पुढच्या वर्षी, तिसऱ्याच आकाराचं फळ लागल्यावर. ज्या माशीमुळे वेल लागतो तीच वाण मोडते. दोन्ही राखायचे तर काय करायचं?

याचं उत्तर दुपारी चार वाजता बघायला मिळालं. संध्याकाळी उमलणाऱ्या दुधीच्या कळ्या हेरून, एक मादी आणि दोन नर, आक्कानं त्यांना जुन्या ओढणीच्या तुकड्यांत बांधलं. दिवस मावळल्यावर सोडलं, नरफुलाच्या पाकळ्या मागे सारून आतला पराग मादीफुलाला हलकेच चोळला, आणि मादीफूल पुन्हा बांधून टाकलं. देठाला लाल दोरा. एवढ्याच फळाचं बी धरायचं, बाकी वेल माश्यांना मोकळा. वेळ लागला सात-आठ मिनिटं. इतक्या सकाळ-संध्याकाळ मी तिच्या मागं फिरलो, पण ती कामात पूर्ण गढलेली मला इथंच दिसली. बोलत नव्हती, पाठ दुखते म्हणत नव्हती.

फवारणीचा प्रश्न निघालाच. फळमाशीला तिनं कामगंध सापळे टांगलेत, तांबड्या भुंगेऱ्याला सकाळच्या दवात राख धुरळते. गळून पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करणं हेही याच दिवसांतलं काम, पावसाळ्यातल्या अर्कासाठी. पण कपाशीच्या दिवसांत आजूबाजूला कडक औषधं मारतात, सकाळी सातलाच, माशी ऐन कामावर असताना. तिची मागणी साधी आहे. मारा, पण दिवस कलल्यावर मारा, आणि आदल्या दिवशी सांगा, म्हणजे पेटीचं दार लावता येईल. काही जण सांगतात. काही जण विसरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो.

वळीव

निघायच्या आदल्या दिवशी चारच्या सुमाराला नैर्ऋत्येला आभाळ काळवंडलं. २०२५ चा मे सगळ्यांच्या लक्षात होता, अवकाळीनं धुऊन काढलेला. मोसमी पाऊसही त्या वर्षी २६ मेलाच मुंबईत पोचला होता. त्या पावसात खालचा अर्धा मांडव गेला, कांदा सडला. त्यामुळे ढग बघून इथं कुणी नुसतं खूश होत नाही.

आधी धूळ आली. आक्कानं पेट्यांच्या झाकणांवर धोंडे ठेवले, दाजींनी दोरी आवळली. मी वाळत घातलेली चवळी गोळा करत होतो. वाळलेले तीन दुधी ओसरीत नेऊन आढ्याला टांगले. माश्या मात्र आधीच परतल्या होत्या. ढग गडगडायच्या आत दोन्ही दारांवर गर्दी उसळून गेली होती. मग वीस मिनिटं टपोरा पाऊस, गारा नाहीत. एका बाजूचा मांडव कलला, दोडक्याची फुलं झडली.

सकाळी बांधाच्या कडेला, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत, गढूळ पाणी साचलेलं होतं. दोन्ही पेट्यांतल्या माश्या त्या चिखलाच्या काठावर दाटीनं बसून पाणी पीत होत्या. आक्कानं घासून, दगडगोटे धुऊन भरून ठेवलेल्या परातीकडे एकही फिरकली नव्हती. ती थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. मग परात उचलली आणि पाणी वांग्याच्या आळ्यात ओतून टाकलं.